फायटरची वीण: जोडी सर्वांत शेवटी आणा

फायटर माशाची वीण घेताना बहुतेक जण जोडीपासून सुरुवात करतात. दुकानात सुंदर नर दिसतो, शेजारच्या बाटलीतली मादी पोटाने टम्म दिसते, दोघं एका टाकीत सोडले जातात. कधी कधी अंडी पडतातही. पिल्लं पोहायला लागली की घरभर आनंद होतो आणि मग आठवडाभरात दोनशे पिल्लांची दहा पिल्लं उरतात, पुढच्या आठवड्यात तीही जातात. "पाण्यात काहीतरी दोष असेल" असं म्हणून लोक औषधं टाकत बसतात. खरं कारण साधं असतं: पिल्लं उपाशी मेलेली असतात. त्यांच्या तोंडात मावेल असं अन्न त्या दिवशी घरात नव्हतं.

म्हणून या लेखात तयारी उलट्या क्रमाने आहे. आधी पिल्लांचं जेवण, मग टाकी, मग जोडी. माझ्या स्वतःच्या पहिल्या तीन विणी मी याच चुकीमुळे गमावल्या. पिल्लं तळाशी पडलेली पाहणं फार वाईट असतं, ते कुणाच्या वाट्याला येऊ नये एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

## सुरू करण्याआधी: घरट्याचा अर्थ नीट समजून घ्या

एकट्या नराने बरणीत बुडबुड्यांचं घरटं बांधलं की लोक म्हणतात, त्याला मादी हवी आहे. तसं नसतं. वयात आलेला, तब्येतीने बरा असलेला नर मादी नसतानाही घरटं बांधतो. पृष्ठभागावर येऊन हवा घ्यायची, तोंडातल्या चिकट स्रावात ती गुंडाळायची आणि बुडबुडा वर सोडायचा हा त्याचा स्वभावच आहे. घरटं दिसणं म्हणजे वीण घेण्याची वेळ झाली असं नाही, आणि ते मोडलं म्हणजे मासा आजारी आहे असंही नाही.

दुसरी गोष्ट, फायटर जोडीने राहणारा मासा नाही. थायलंडकडच्या भातखाचरांत आणि उथळ, गवताळ पाण्यात नर आपली छोटी हद्द राखून असतो. मादी घरट्यापाशी येते, अंडी देते आणि निघून जाते. पुढे अंडी आणि पिल्लं सांभाळतो तो बाप. हरलेल्या किंवा नको असलेल्या माशाला तिथे पळायला गवत असतं, आपल्या काचेच्या टाकीत ते नसतं. मादी कधी आत सोडायची आणि कधी बाहेर काढायची हे तुम्ही ठरवायचं. अर्धी वीण या दोन निर्णयांवर टिकते.

## टप्पा १: पिल्लांचं अन्न (विणीच्या दोन आठवडे आधी)

हिशोब असा मांडा. अंडी पडल्यापासून साधारण दीड-दोन दिवसांत फुटतात. त्यानंतर दोन-तीन दिवस पिल्लं पोटाखालच्या पिशवीतल्या बलकावर जगतात. म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी ती आडवी पोहू लागतात आणि त्याच दिवशी त्यांना जिवंत, हलणारं, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं बारीक अन्न लागतं. तीन गोष्टी तयार ठेवा.

सूक्ष्मजीवांचं पाणी, म्हणजे इन्फ्युसोरिया. दोन लिटरच्या काचेच्या बरणीत जुन्या टाकीतलं पाणी घ्या, ताजं नळाचं नको. त्यात भाताच्या पेंढ्याच्या चार काड्या किंवा उकळलेलं कोबीचं एक पान टाका. तोंडाला मलमलीचं कापड घट्ट बांधा, नाहीतर डास अंडी घालतील. उजेड येईल पण थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. एक-दोन दिवसांत पाणी दुधट होतं आणि वास येतो, तेव्हा घाबरून फेकू नका. पाच-सहा दिवसांत ते निवळतं. मग अंधारात मागून टॉर्च धरून पाहा: धुळीचे कण स्वतःहून हलताना दिसले की बरणी तयार. सडक्या अंड्यांचा उग्र वास येत राहिला तर मात्र ती बरणी टाकून द्या. दुसरी बरणी तीन दिवसांनी लावा, पहिली अचानक बसू शकते.

मायक्रोवर्म, म्हणजे केसासारखे बारीक पांढरे किडे. याचं विरजण ओळखीच्या मासेवाल्याकडून किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडून आणावं लागतं. शिजवून थंड केलेल्या ओट्सचा बोटभर जाड थर डब्यात पसरा, वर चिमूटभर यीस्ट भुरभुरा, विरजण ठेवा, झाकणाला बारीक भोकं पाडा. आठवड्याभरात किडे भिंतीवर चढू लागतात. ते बोटाने निपटून घ्यायचे.

आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव. एक लिटर पाण्यात दोन सपाट मोठे चमचे खडे मीठ, चिमूटभर खायचा सोडा, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, आणि एअर पंपाची नळी तळापर्यंत. २६ ते २८ अंशांत २४ ते ३६ तासांत नारिंगी ठिपके पोहू लागतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. कवचं वर तरंगतात, जिवंत आर्टेमिया खाली उजेडाकडे जमतात. ते नळीने बारीक कापडावर ओढून गोड्या पाण्याने धुवा.

> तपासा: आर्टेमियाचा एक घाणा आत्ताच लावून पाहा. जुनी, दमट झालेली अंडी फुटतच नाहीत, आणि हे पिल्लं उपाशी असताना कळून उपयोग नाही.

> सावध: उकडलेल्या अंड्याचा बलक पिल्लांना घालू नका. एवढ्याशा पाण्यात तो रात्रीतून सडतो. जे उरतं ते पिल्लांना मारतं.

## टप्पा २: विणीची टाकी

दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकी उत्तम. पाणी मात्र फक्त १२ ते १५ सेंटीमीटर भरा, म्हणजे साधारण २५ लिटर. टाकी भरून सोडणं ही फार नेहमीची चूक आहे. अंडी बुडणारी असतात, नवी पिल्लंही घरट्यातून सारखी खाली गळतात आणि नराला प्रत्येक वेळी तळापर्यंत जाऊन ती उचलून आणावी लागतात. पाणी खोल असेल तर तो थकतो आणि थकलेला नर अंडी खातो.

तळ मोकळा ठेवा. खडी, वाळू, रंगीत गोटे काही नको, त्यांच्या फटीत गेलेलं अंडं पुन्हा सापडत नाही. एका कोपऱ्यात जावा मॉस किंवा हायड्रिला या पाणवनस्पतीचा भरगच्च झुपका आणि गुळगुळीत कडेचा कुंडीचा तुकडा ठेवा. ही मादीची लपायची जागा. विरुद्ध टोकाला घरट्याचा आधार: थर्माकोलचा कप उभा अर्धा कापून पाण्याच्या पातळीवर काचेला चिकटवा, पन्हळ खालच्या बाजूला येईल असा. त्याखाली बुडबुडे हलत नाहीत आणि तुम्हाला बाजूने वाकून सगळं दिसतं.

देशी बदामाचं झाड मुंबई-कोकण-गोव्यात रस्तोरस्ती आहे. त्याचं आपोआप गळलेलं, तपकिरी वाळलेलं पान घ्या, हिरवं तोडू नका. औषधफवारणी होणाऱ्या बागेतलं किंवा रहदारीच्या रस्त्याकडेचं नको. धुऊन, वाळवून, तळहाताएवढं एक पान २५ लिटरला पुरतं. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, नर निवांत होतो आणि कुजत्या पानावर सूक्ष्मजीव वाढतात ते पिल्लांच्या कामी येतात.

पाणी मुरलेलं हवं. नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरीन घालून एक दिवस ठेवा. बोअरवेलचं पाणी फार जड असेल तर त्यात निम्मं आरओचं मिसळा, नुसतं आरओचं वापरू नका. दुसऱ्या चालू टाकीत किमान महिनाभर फिरलेला स्पंज फिल्टर हाताशी असू द्या, नवा कोरा स्पंज पहिले काही आठवडे काहीच करत नाही. अंडी असेपर्यंत विणीच्या टाकीत फिल्टर नको, तेव्हा स्पंज वाळू देऊ नका, त्या चालू टाकीतच फिरत ठेवा आणि पिल्लं पोहायला लागून आठवडा झाल्यावर इकडे हलवा.

तापमान २७ ते २९ अंश, दिवसरात्र एकसारखं. कोकणात उन्हाळ्यात हीटरशिवाय जमतं. पुणे, नाशिक, नागपूरला हिवाळ्यात हीटर नसेल तर वीण घेऊच नका. एवढ्या उथळ पाण्यात हीटर आडवा पूर्ण बुडेल असाच घ्या आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.

वर काच किंवा घरगुती प्लास्टिक फिल्म हवीच, एका कोपऱ्यात फट ठेवून. झाकणाखालची उबदार, दमट हवा बुडबुडे टिकवते. पुढे पिल्लांच्या श्वासालाही तीच लागते.

## टप्पा ३: जोडी निवडणं आणि पोसणं

वय चार महिने ते एक वर्ष. लांब शेपटीचे देखणे नर दुकानात येईपर्यंत बरेचदा यापुढे गेलेले असतात आणि जड पर, म्हणजे पोहायचे पंख, त्यांना मादीभोवती नीट वळू देत नाहीत. पहिल्या विणीसाठी आखूड पराचा प्लाकाट नर घ्या. मादी त्याच्याएवढी किंवा किंचित लहान असावी.

मादी म्हणून प्लाकाट नरच गळ्यात पडणं हा प्रकार नेहमीचा. पोटाखालच्या परांच्या मागे मिठाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसतो का ते पाहा. तो अंडी सोडायचा मार्ग. ठिपका नसेल तर पैसे देऊ नका.

दोघांना वेगळ्या टाक्यांत, एकमेकांना न दिसता, दहा ते चौदा दिवस पोसा. दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं: गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), डॅफ्निया (पाणपिसवा), आर्टेमिया. डासांच्या अळ्या हे फायटरचं आवडतं खाणं खरं, पण त्यासाठी गॅलरीत उघडी बादली ठेवू नका. अळीचा डास व्हायला आठवडा पुरतो आणि डेंग्यू शेजाऱ्यांच्या घरी जातो. ट्युबिफेक्स हे बारीक लाल किडे घाणीच्या पाण्यातून येतात, विणीच्या तोंडावर ते टाळलेलेच बरे.

> तपासा: मादीचं पोट वरून पाहता दोन्ही बाजूंना गोल, पांढरा ठिपका ठळक, नर रोज घरटं बांधतो आहे आणि चोख खातो आहे. यातलं एक जरी नसेल तर आणखी आठवडा थांबा.

## टप्पा ४: काचेआडून ओळख

आधी नर विणीच्या टाकीत सोडा. एक दिवस त्याला ती जागा आपली वाटू द्या. मग मादीला कंदिलाच्या काचेत ठेवून टाकीच्या मध्यावर उभी करा. काच नसेल तर बूड आणि मान कापलेली पारदर्शक बाटली चालते, फक्त तिची कड पाण्याच्या बऱ्याच वर यायला हवी, दोघंही उडी मारतात.

आता बघत बसा. घाईत लोक नेमका हाच टप्पा गाळतात. मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटले, ती डोकं खाली घालून अंग हलवू लागली, तर ती तयार आहे. आडवे पट्टे म्हणजे भीती. पांढऱ्या-पिवळ्या माद्यांवर पट्टे दिसत नाहीत, तिथे वागण्यावरून ठरवायचं. नर कल्ले फुलवून तिच्यापुढे मिरवतो, परत घरट्याकडे धावतो, चार बुडबुडे लावतो, पुन्हा येतो. ही ये-जा दिसायला हवी. जो नर घरटं विसरून काचेवर नुसता धडका देतो, त्याच्याकडे मादी सोडू नका.

एक ते दोन दिवस असंच राहू द्या. काचेतलं पाणी मधे एकदा निम्मं बदला.

## टप्पा ५: एकत्र सोडणं

घरटं रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं आणि दोन-तीन थरांचं झालं, मादीवर पट्टे आहेत, की संध्याकाळी काच अलगद उचलून घ्या. झाकण लावा, दिवा मंद करा.

पाठलाग होईल. पराला चिरा पडतील. तेवढ्याने लगेच वेगळं करू नका. मादी डोकं खाली घालून घरट्याखाली येते, नर तिला हुसकावतो, ती पुन्हा येते, असं कित्येक तास चालू शकतं.

> सावध: खवले निघाले, मादी कुशीवर पडली, किंवा नर घरट्याकडे न फिरकता नुसता तिच्या मागे आहे: ताबडतोब वेगळं करा. ४८ तासांत अंडी पडली नाहीत तरीही वेगळं करा आणि आठवडाभर पोसून पुन्हा प्रयत्न करा.

जुळलं की नर घरट्याखाली मादीभोवती वळतो, तिला उलटी करतो आणि दोघं काही क्षण गोठल्यासारखे थांबतात. पहिल्या काही मिठ्या रिकाम्या जातात. मग रव्याच्या कणांसारखी पांढरी अंडी खाली घरंगळू लागतात. नर आधी भानावर येतो, खाली झेपावतो, एकेक कण तोंडात गोळा करतो आणि वर जाऊन फुंकून बुडबुड्यांत बसवतो. मादी तोवर मेल्यासारखी तरंगत असते. ती मेलेली नाही, टाकीत हात घालू नका. एका मिठीत दहा ते चाळीस अंडी, सगळं मिळून दोन ते पाच तास. या काळात फोटोचा फ्लॅश नको, काचेवर टिचकी नको, झाकण उघडणं नको.

## टप्पा ६: मादी बाहेर

नर तिला जोरात हाकलू लागला आणि ती झुपक्यात दडून बसली, म्हणजे काम झालं. घरट्यापासून लांबच्या टोकाने, जाळीऐवजी कपाने, पाणी न ढवळता तिला काढा. स्वच्छ, मुरलेल्या पाण्यात, बदामाचं पान घालून, अंधुक उजेडात तीन-चार दिवस विश्रांती द्या. तिला दुसरा नर दिसेल अशी जागा नको. "राहू दे अजून एक रात्र" म्हणणाऱ्यांच्या माद्या सकाळी मेलेल्या सापडतात, किंवा अंडी तिने खाल्लेली असतात.

## टप्पा ७: बाप आणि घरटं

आता तुम्ही करायचं फारसं काही नाही, आणि लोकांना तेच जमत नाही. नराला दोन-तीन दिवस खायला घालू नका, उरलेलं अन्न सडतं. फिल्टर नको. रात्रभर खोलीत मंद दिवा चालू ठेवा, त्याला गळणारी अंडी दिसली पाहिजेत.

तो काही अंडी खाताना दिसेल. बुरशी धरलेली, न फळलेली अंडी तो काढतो, ही घराची स्वच्छता आहे. रात्रीतून सगळं घरटं दुसऱ्या कोपऱ्यात हलवलेलंही दिसेल, ते जागच्या जागी आणू नका. पहिलटकर नर कधी कधी सगळीच अंडी फस्त करतो. वाईट वाटतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या विणीला तोच नर उत्तम बाप होतो, त्याला बाद करू नका.

अंडी फुटल्यावर बाजूने, डोळे पाण्याच्या पातळीला आणून पाहा. बुडबुड्यांखाली बारीक काळे केस लटकल्यासारखे दिसतात, त्या शेपट्या. एखादं पिल्लू सुटतं, गिरकी घेत खाली जातं. नर तळाशी त्याला ओठांनी टिपतो, तोंडात धरून वर येतो आणि बुडबुड्यांत पुन्हा सोडतो. दिवसभर, शेकडो वेळा.

## टप्पा ८: नर बाहेर, पिल्लांचा पहिला महिना

बहुतेक पिल्लं आडवी पोहू लागली आणि नराला ती गोळा करता येईनाशी झाली, साधारण फुटल्यानंतर दोन-तीन दिवसांनी, की त्याला कपाने काढा आणि पोटभर खाऊ घाला. आधी काढलात तर गळलेली पिल्लं तळाशी राहतात. उशीर केलात तर भुकेला बाप त्यांना अन्न समजू लागतो.

त्याच दिवसापासून इन्फ्युसोरिया, दिवसातून तीन-चार वेळा, बरणीच्या उजेडाकडच्या बाजूने ड्रॉपरने ओढून. मधल्या वेळी मायक्रोवर्मचं अगदी थोडं बोट. पोहू लागल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी ताजा आर्टेमिया सुरू करा. खाल्लं की नाही ते ओळखणं सोपं आहे: टॉर्च धरली की पोटं नारिंगी चमकतात. सगळ्यांची पोटं नारिंगी दिसेपर्यंत इन्फ्युसोरिया बंद करू नका, लहान राहिलेली पिल्लं अजून त्यावरच असतात.

पहिले तीन-चार दिवस पाणी बदलू नका. नंतर रोज एअर पंपाच्या बारीक नळीने तळाची घाण पांढऱ्या मगात ओढा. पांढऱ्यावर चुकून आलेली पिल्लं दिसतात, ती परत सोडता येतात. त्याच तापमानाचं मुरलेलं पाणी थेंबथेंब घाला, काढलेल्यापेक्षा जरा जास्त, म्हणजे पातळी हळूहळू वाढेल. आठवड्यानंतर स्पंज फिल्टर इकडे आणून सेकंदाला एखादा बुडबुडा इतक्या मंद गतीने चालवा.

> सावध: तिसऱ्या आठवड्यापासून पुढे पिल्लांचा हवा घेणारा अवयव तयार होतो आणि ती पृष्ठभागावर येऊ लागतात. या काळात पंख्याखाली झाकण उघडं ठेवू नका. पाण्यावर तेलकट साय दिसली तर टिश्यू पेपर अलगद टेकवून उचला.

मी एकदा याच दिवसांत फोटो काढायच्या हौसेने तासभर झाकण काढून ठेवलं होतं. डिसेंबर होता. दोन दिवसांत अर्धी वीण गेली.

## टप्पा ९: वेगळं करणं

सात ते दहा आठवड्यांत नर कल्ले फुलवून भावंडांच्या मागे लागतात. जो पहिला पराला चावे घेतो त्याला पहिला वेगळा काढा, आणि काढलेला परत त्या टाकीत सोडू नका, भावंडं आता त्याला परकी झालेली असतात. बरण्यांच्या मधे पुठ्ठा लावा. दिवसभर एकमेकांना पाहत राहिलेले नर खाणं सोडतात. एक-दोन लिटरची बरणी ही तात्पुरती सोय, तीही एक दिवसाआड पाणी बदलून. कायमचं घर किमान दहा-पंधरा लिटरचं. माद्या भरपूर वनस्पती असलेल्या मोठ्या टाकीत एकत्र राहू शकतात, मात्र रोज लक्ष ठेवावं लागतं.

साठ नर निघाले तर साठ बरण्या लागतात. हा आकडा जोडी सोडण्याच्या आधी मनाशी मोजा आणि घेणारी माणसंही आधी बघून ठेवा. जास्तीची पिल्लं विहिरीत, तळ्यात, नदीत कधीही सोडू नका. परका मासा तिथल्या देशी माशांच्या जागेवर आणि अन्नावर येतो.

बुटका गुरामीही बुडबुड्यांचं घरटं बांधतो, त्यात वनस्पतीचे तुकडे विणतो. त्यालाही हाच क्रम लागू पडतो, तीन फरकांसह: तरंगती वनस्पती भरपूर हवी, अंडी बुडत नाहीत तर तरंगतात, आणि पिल्लं फायटरच्याहून बारीक असल्याने इन्फ्युसोरियाचे दिवस जास्त धरायचे.

त्याच नराकडून पुढची वीण किमान तीन-चार आठवड्यांनी घ्या, आणि त्याच्या आठवडाभर आधी इन्फ्युसोरियाची नवी बरणी लावा.